गुरुजींची तिसरी कवळी

एक

कवळी मोडल्याचा आवाज ताईला पाठमोरी असतानाही ओळखू यायचा. आधी 'कट्', मग धाकट्याचा लांब सुस्कारा, जणू पायातला काटा निघाला.

"मोडलीस?"

"मोडली."

"कुणाची?"

धाकट्याने हात पाठीमागे नेले. म्हणजे गुरुजींची. ताईने प्लास्टरचं भांडं टेबलावर आपटलं आणि कपाळावर हात मारून घेतला. कपाळावर उमटलेली पांढरी बोटं संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

"अरे, पॉलिश झाली होती ना ती? आरशासारखी चमकत होती. आता कुठे बिघडलं?"

"पॉलिश करतानाच आला."

"कोण आला?"

"विचार."

ही लॅब म्हणजे दातांच्या दवाखान्याखालचं तळघर. वर डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाची मापं घेत. खाली ही बहीणभावंडं त्या मापांत प्लास्टर ओतून साचे काढत, साच्यावर मेणाच्या हिरड्या बसवत, मेणात एकेक दात रोवत, आणि शेवटी मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरत. खिडकी एकच, तीही फुटपाथच्या उंचीला. तिच्यातून जगाचे फक्त बूट दिसत.

दात रोवण्यात धाकट्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एखाद्या म्हातारीचा जुना फोटो मागून घ्यायचा आणि तिचा समोरचा दात मुद्दाम केसभर तिरका लावायचा, फोटोत होता तसा. म्हातारी आरशात बघून रडायची. असा हात. आणि तो हात आता कवळ्या मोडत होता.

कारण काय, तर काम करताना त्याच्या मनात देवाबद्दल घाणेरडा शब्द येई. तोंडातून नव्हे, नुसता मनात. मग त्याला वाटे, शब्द त्या दातांत गेला. उद्या कुणीतरी हेच दात लावून प्रार्थना म्हणणार. म्हणजे त्या माणसाची प्रार्थना बाटली आणि पाप आपल्या माथी. म्हणून मोडायची. पुन्हा पहिल्यापासून करायची, स्वच्छ मनाने. स्वच्छ मनाने कवळी करायची म्हटल्यावर पहिला दात रोवायच्या आतच तो शब्द दारात हजर असे.

"कोणता शब्द आला, ते तरी कळू दे," ताई म्हणाली.

"तो कसा उच्चारू?"

"अरे, मला सगळ्या शिव्या येतात. बाबांच्या हाताखाली काम शिकलेय मी. तू अशी कोणती नवी काढलीस?"

पूर्वी धाकटा यावर हसला असता. त्याने मोडलेले दोन तुकडे कागदात गुंडाळले आणि विचारलं, "ताई, मोडली ते बरोबर केलं ना? नाहीतर पाप लागलं असतं ना?"

ताईच्या जिभेवर 'नाही रे बाबा' आलं होतं. तिने सिंकवर चिकटवलेल्या कागदाकडे पाहिलं आणि ते गिळलं. अर्धंच गिळलं.

"नाही र— माहीत नाही. मला काहीही माहीत नाही. हात धू."

पुन्हा एक

पहिल्यापासून सुरू करण्याची खोड प्रार्थनेपासून लागली होती. प्रार्थना चौदा ओळींची. सहाव्या ओळीला रस्त्यावर हॉर्न वाजला, लक्ष गेलं, की पुन्हा एक. अकरावीला वाटलं की नववी मनापासून म्हटली गेली नाही, पुन्हा एक. चार मिनिटांच्या प्रार्थनेला धाकट्याला दीड तास लागे. भावजय डबे भरून, मुलीला शाळेत सोडून परत यायची, तरी हा सातव्या ओळीवर.

लहानपणी त्याने एकदा शेजाऱ्यांच्या कुंडीतलं फूल तोडलं आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही. आई चार घरांत सांगून आली, किती पापभीरू माझं लेकरू! ताईला तेव्हाच वाटलं होतं की यात कौतुकाचं काही नाही. पण दहा वर्षांच्या मुलीला विचारतो कोण?

पुढे त्या मुलीला विचारणारा एकच उरला. तो दिवसभर विचारायचा.

ताई, मी त्या बाईंना 'छान दिसताय' म्हणालो, पण मला तेवढं छान वाटलं नव्हतं. खोटं झालं का?

ताई, मघाशी पायाखाली मुंगी आली असेल का?

ताई, मी देवाचं नाव घेतलं तेव्हा हातात कुणाची तरी जुनी कवळी होती. चालतं ना?

नाही रे. नसेल रे. चालतं रे. प्रत्येक उत्तर अर्धा तास पुरायचं, पुढे पुढे दहा मिनिटं. रविवारी सभेनंतर धाकटा हेच सगळं गुरुजींना विचारायचा. गुरुजी प्रार्थनाघराचे मुख्य, सत्तरी ओलांडलेले, बोलायला फटकळ. त्यांनी दोन वर्षं नेमाने सांगितलं की देव क्षमा करतो. मग एका रविवारी त्यांनी ताईला जिन्याखाली गाठलं.

"मी याला दर आठवड्याला क्षमा देतोय. एवढी क्षमा मी दरोडेखोरालासुद्धा दिली नसती. आणि याला ती लागू पडत नाही. हे माझ्या खात्यातलं नाही गं. ह्या बाईंकडे ने." त्यांनी चिठ्ठीवर एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला.

बाईंनी धाकट्याशी तास तासभर बोलून घेतलं, आणि तिसऱ्या भेटीत ताईला आत बोलावलं.

"काही माणसं कुलूप लागलं का ते वीस वेळा ओढून बघतात. तुमचा भाऊ पाप लागलं का ते ओढून बघतो. आजार तोच."

"म्हणजे त्याचा देवधर्म सोडवायचा?"

"मुळीच नाही. देव राहू दे. ओढून बघणं सोडवायचं. दिवसातून किती वेळा विचारतो तुम्हाला?"

ताईने आठवडाभर मोजलं. एका मंगळवारी त्र्याहत्तर भरले.

"आणि तुम्ही त्र्याहत्तर वेळा उत्तर दिलंत," बाई म्हणाल्या.

"मग काय करू? तोंड पांढरंफटक पडतं त्याचं. भाऊ आहे माझा."

"म्हणूनच. तुमचं 'नाही' म्हणजे त्याचं कुलूप ओढणं आहे. ते तुमच्या हातून होतं, इतकंच."

ताईला असा राग आला की ती घरापर्यंत चालत गेली. पंधरा वर्षं मी त्याला सांभाळला, आणि ही बाई म्हणते मीच आजाराला खायला घालतेय! घरी पोचेपर्यंत राग तसाच होता, फक्त बाईंवरचा थोडा कमी झाला होता. बाईंनी दिलेला कागद तिने दुसऱ्या दिवशी सिंकवर चिकटवला:

*उत्तर द्यायचं नाही. 'माहीत नाही' म्हणायचं.*
*त्याला भीती वाटू द्यायची. ती चढते आणि उतरते.*
*त्याच्या हातचं काम आपण उरकून टाकायचं नाही.*
*चिडायचं नाही.*

शेवटच्या ओळीपुढे ताईने पेन्सिलने लिहिलं होतं, 'हे जमणार नाही'.

दोन महिने झाले. प्रार्थना पाऊण तासावर आली. त्र्याहत्तरचे तीस झाले. आणि नेमके तेव्हाच गुरुजींचे उरलेले सगळे दात काढावे लागले.

पुन्हा पहिल्यापासून, एक

गुरुजींची पहिली कवळी मेणातच गेली. धाकट्याने रोवलेले दात एकेक करून उपटून काढले. दुसरी पॉलिश होऊन मोडली. सोमवारी 'कट्' झाली ती हीच. दीड महिना गुरुजी सभेत मुक्याने बसत आणि त्यांच्या जागी त्यांचे मदतनीस प्रार्थना सांगत. मदतनिसांचा आवाज असा, की लोक तिसऱ्या ओळीला पेंगत.

मंगळवारी जिन्यावर डॉक्टरीणबाईंच्या चपला वाजल्या.

"शनिवारी चार वाजता गुरुजी येणार आहेत. चारला कवळी नसेल, तर ते माप मी दुसऱ्या लॅबला पाठवते. आणि खरं सांगू? मग सगळीच मापं पाठवीन. मला रोज पेशंटांच्या शिव्या खायच्या नाहीत."

"मिळेल," ताई म्हणाली.

"तुम्ही करून द्या की. तुम्हालाही येतं."

ताईला येत होतं. हाच तर जीव खाणारा भाग. तिने घरी नेऊन दोन दिवसांत दात रोवले असते. तिरका दात जमला नसता, पण चावता आलं असतं. तिने कागदाची तिसरी ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाईंना मनातल्या मनात दोन शब्द बोलली, तिच्या मनात आलेले शब्द कवळीत जात नसल्यामुळे मोकळेपणाने.

"तोच करेल," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई वर गेल्या. धाकटा कोपऱ्यात उभा होता.

"ताई, माझ्यामुळे तुझं काम जाणार. हे पाप—"

"साचा घे."

"पण हे पाप—"

"माहीत नाही! साचा घे, मेण गरम कर, दात लाव! पाप असेल तर असेल. नसेल तर नसेल. मला दुपारपर्यंत वरची हिरडी बघायची आहे!"

चिडायचं नाही ही ओळ त्या दिवशी सकाळी दहालाच मोडली होती.

बुधवारी वरचे दात लागले. गुरुवारी खालचे. गुरुवारी धाकट्याने बत्तीस वेळा विचारलं आणि ताईने एकतीस वेळा 'माहीत नाही' म्हटलं. एकदा चुकून 'अरे नाही' निघून गेलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला स्वतःच्या जिभेचा चावा घ्यावासा वाटला, कारण वीस मिनिटांत तो परत आला, दुप्पट भुकेला. शुक्रवारी ॲक्रिलिक भरलेल्या साच्याचा डबा उकळत्या पाण्यात गेला. पाणी उकळत असताना धाकटा त्याच्यासमोर असा उभा होता, जणू आत त्याचंच कुणीतरी आहे.

आणखी एकदा, एक

शनिवारी पावणेचारला खिडकीत तपकिरी बूट आले. एका बुटाची नाडी कायम सुटलेली. गुरुजी.

ते वर गेलेच नाहीत. सरळ खाली आले आणि ताईच्या स्टुलावर बसले. दात नसल्यामुळे त्यांचे गाल आत गेले होते आणि शब्द ओठांवरून घसरत होते, पण फटकळपणा होता तिथेच होता.

"काय रे, झाली का?"

धाकट्याच्या हातात कवळी होती. पॉलिशच्या चाकावरून नुकती उतरलेली, ओली, झळझळीत. दुसऱ्या हातात प्लास्टर फोडायची हातोडी. ताईने ती हातोडी सकाळीच खणात ठेवली होती. त्याने कधी काढली ते तिला कळलं नव्हतं.

"गुरुजी, आला."

"शब्द?"

"हो. वरचे घासताना. तीनदा."

"बरं. दे इकडे."

"गुरुजी, हे लावून तुम्ही उद्या प्रार्थना म्हणाल."

"म्हणेन. त्यासाठीच करून घेतोय. चणे खायचं वय गेलं माझं."

"पण त्यांच्यात तो शब्द आहे."

गुरुजी पुढे झुकले. "ऐक. माझे स्वतःचे दात होते ना, त्याच दातांनी मी बायकोला काय काय बोललोय ते तुला सांगत नाही. सख्ख्या भावाशी सात वर्षं भांडलो. आणि त्याच दातांनी चाळीस वर्षं प्रार्थना सांगितली. ते दात स्वच्छ करून घ्यायला मी कुणाकडे गेलो नाही."

धाकट्याच्या डोळ्यांत तो भुकेला उजेड आला. ताईने तो लांबून ओळखला. "म्हणजे चालतं ना, गुरुजी? म्हणजे हे पाप नाही ना? तुम्ही एकदा म्हणा, की मग मी—"

गुरुजींचा चेहरा विरघळला. पोटच्या पोराला खाऊ द्यावा तसं त्यांचं तोंड उघडलं.

"उत्तर देऊ नका!" ताई ओरडली.

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्यावर प्रार्थनाघरात कधी कुणी असं ओरडलं नव्हतं. वर दवाखान्यात कुणाची तरी खुर्ची सरकली.

"दोन वर्षं दिलंत ना? पुरलं का? तुम्हीच आम्हाला त्या बाईंकडे पाठवलंत, आणि आता तुम्हीच! हात जोडते, गप्प बसा!"

गुरुजींनी तोंड मिटलं. गाल आणखी आत गेले. मग ते धाकट्याकडे वळून म्हणाले, "माहीत नाही, बाबा. असेल पाप. नसेल. मला कवळी हवी. आहे तशी हवी."

"ताई?" धाकटा म्हणाला.

आता ताईची पाळी होती. तिला त्याच्या हातातली हातोडी दिसत होती. एक शब्द. 'नाही' म्हटलं की हातोडी खणात जाईल, कवळी वर जाईल, डॉक्टरीणबाई खूश, काम वाचलं. आणि पुढच्या कवळीला पुन्हा एक. तिच्या पुढच्याला पुन्हा एक. ती साठीची होईल, तो पंचावन्नचा होईल, आणि हा तळघरात उभा राहून विचारेल, ताई, पाप नाही ना.

किंवा दोन ढांगा टाकून कवळी हिसकावून घ्यायची. तेही तिला सहज जमलं असतं.

टेबलावर दात कसे मिटतात त्याचं माप घ्यायची गुलाबी मेणाची पट्टी पडली होती. ताईने ती उचलली, तोंडात घातली आणि करकचून चावली.

गुरुजींनी पाहिलं. काही न बोलता त्यांनीही हात पुढे केला. ताईने दुसरी पट्टी त्यांना दिली. त्यांना चावायला काही नव्हतं. त्यांनी ती हिरड्यांत धरली.

असे ते तिघं उभे-बसलेले राहिले. दोघांच्या तोंडात मेण, तिसऱ्याच्या हातात दात.

धाकटा घामाने भिजला. "कुणीतरी बोला," तो म्हणाला. मग म्हणाला, "मोडतो." मग म्हणाला, "मोडू?" खिडकीतून एक लाल बूट गेला, एक पिशवी घासत गेली, एक कुत्रा थांबला आणि गेला. चार वाजून गेले. जिन्यावर चपला वाजल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी खाली पाहिलं आणि काय समजायचं ते समजून त्या तिथेच पायरीवर बसल्या. ताईचे जबडे दुखायला लागले. आणखी पाचेक मिनिटांनी, सात असतील, धाकट्याचे खांदे जरा खाली आले. भीती गेली नव्हती. दमली होती.

त्याने हातोडी टेबलावर ठेवली. मग कवळी नळाखाली धरली, फडक्याने पुसली, डबीत ठेवली आणि डबी गुरुजींच्या हातात दिली. द्यायला त्याला दोनदा हात पुढे करावा लागला.

"तो शब्द आहे तिच्यात," तो म्हणाला. विचारलं नाही. सांगितलं.

गुरुजींनी मेण काढलं. "असू दे," ते म्हणाले आणि वर गेले.

ताईने तोंडातली पट्टी बाहेर काढली. तिचे वरचे-खालचे सगळे दात तिच्यात रुतले होते. मधोमध मेण आरपार गेलं होतं. धाकट्याने सवयीने पट्टी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"उजवीकडची दाढ झिजलीय तुझी," तो म्हणाला. "रात्री दात खातेस का?"

"कशाने खात असेन, काय वाटतं तुला?" ताई म्हणाली.

दोन

रविवारी गुरुजींनी प्रार्थना सांगितली. पहिल्या दोन ओळींत नव्या दातांचा थोडा खडखडाट झाला, मग आवाज मोकळा झाला आणि कुणी पेंगलं नाही. धाकटा ताईच्या शेजारी बसला होता. पाचव्या ओळीला त्याचे ओठ थांबले. ताई स्वतःची ओळ विसरली. आता हा मागे जाणार. सहावी ओळ सगळ्यांबरोबर त्याच्या ओठांवर आली. आत तो कितव्या ओळीवर होता, ते देवालाच माहीत.

सभा सुटल्यावर गुरुजींनी स्वतःचा गाल धरून दोघांना बाजूला घेतलं. "खाली उजवीकडे टोचतंय रे. हिरडी सोलली."

ताई धाकट्याकडे बघू लागली. झालं. आता तो शब्द टोचतोय असं याला वाटणार, शिक्षा मिळाली असं वाटणार, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

सोमवारी तपकिरी बूट आले. गुरुजी स्टुलावर बसले. धाकट्याने कवळी हातात घेतली, खिडकीशी नेली, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका जागी अंगठा थांबला.

"ही कड माझ्याकडून राहिली," तो म्हणाला. "शुक्रवारी घाई केली मी. चुकलं माझं, गुरुजी."

त्याने चाक सुरू केलं. कड दोनदा टेकवली. बोट फिरवलं, आणखी एकदा टेकवली. धुतली, दिली.

"आता?"

गुरुजींनी जबडा डावीकडे-उजवीकडे हलवला. "आता बरं वाटतंय."

ताई सिंकपाशी मेणाची पट्टी हातात घेऊन तयार उभी होती. धाकट्याने चाक पुसलं. टेबल पुसलं. पुढचा साचा घेतला, कुणाच्या तरी सुनेचे चार दात. प्रश्न आला नाही. गुरुजी गेले, नाडी फरफटत गेली, तरी आला नाही. ताईने पट्टी खाली ठेवली आणि चहाला पाणी टाकलं.

पाण्याला पहिली उकळी आली.

"ताई," धाकटा साच्यावरून मान वर न करता म्हणाला, "काल सभेत नवव्या ओळीला माझं जरा—"

ताईने पट्टी परत उचलली.